फार्गोच्या ब्रेकचे आटे: साडेतीन सुताचे तीन प्रकार

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसऱ्याला शेडमध्ये फार्गोला, आज्जाच्या जुन्या ट्रकला, हार घातला, नारळ फोडला, आणि आण्णा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला ही स्वतःच्या पायानं भाईर आली पाहिजे." इंजिन मे महिन्यातच चालू झालंय, गिअर पडतात, राहिलाय तो ब्रेक. म्हणून आजपासून ब्रेकच्या कामाची वही वेगळी.

गाडीची थोडी माहिती लिहून ठेवतो. १९५६ ची फार्गो, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. म्हणजे डिझाइन अमेरिकेतलं, क्रायस्लरचं, आणि जोडणी वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीची, आपल्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. आरसी बुकावर आज्जाच्या पत्त्यात अजून "जि. दक्षिण सातारा" असं आहे, कारण सांगली हे जिल्ह्याचं नाव १९६० ला आलं. आज्जानं हिच्यातनं हरिपूरच्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली, हळद वाहिली, गूळ वाहिला, घर बांधायची वीटसुद्धा हिच्यातनंच आली. नंतर ती सांगलवाडीच्या शेडला उभी राहिली ती राहिलीच, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा केबिनच्या सीटपर्यंत बुडाली.

आज फक्त खाली झोपून बघितलं. पाइप गंजलेत, दोन ठिकाणी तर अगदी पापडासारखे झालेत, सगळे नवीन करायचे हे नक्की. पण नवीन करायचे म्हणजे टोकाला नट (मधनं पाइप जातो आणि आटे बाहेरनं असतात ते) कुठले घालायचे हे आधी कळायला पाहिजे. या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट आहे, एका मास्टर सिलेंडरवर (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) चारी चाकं. एक नट गळला की चारी चाकांचा ब्रेक गेला. त्यामुळं यात चालतंय-बघू करायचं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

नट सोडवायला सुरुवात केली आणि पहिल्याच नटानं दिवस खाल्ला. नटाचा षटकोन कधीतरी कुणीतरी बारा नंबरचा पाना लावून गोल केलेला. खरं माप ७/१६ इंच, म्हणजे ११.११ मिलिमीटर. अकराचा पाना जात नाही, बाराचा ढिला होतो, आणि ढिला पाना पितळेला किंवा मऊ लोखंडाला लावला की कोपरे गेलेच. साध्या उघड्या पान्यानं असे नट सोडवूच नयेत, तो दोनच बाजूंना धरतो.

जुन्या बाजारातनं ७/१६ चा एक रिंग पाना आणला आणि ग्राइंडरनं त्याच्या रिंगला एक फट पाडली, पाइप आत जाईल एवढीच. आता तो पाइपवरनं सरकवून नटावर बसवला की पाच बाजूंनी धरतो. दोन दिवस आधीपासून जॉइंटवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, तरी डाव्या मागच्या चाकाचा नट पाइपसकटच फिरायला लागला. तिथं जोर केला नाही. पाइप तसाही टाकायचाय, म्हणून नटाच्या कडेला पाइप कापला आणि लांब सॉकेटनं नट काढला, सुटला पटकन.

काढलेला प्रत्येक नट वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, आत कागदाची चिठ्ठी, कुठल्या जॉइंटचा आणि पाइपच्या कुठल्या टोकाचा. हे आज कंटाळवाणं वाटलं पण करून ठेवलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

नट रॉकेलमध्ये नाही धुतले. हे मुद्दाम लिहितो कारण आमच्याकडं सगळं रॉकेल-डिझेलमध्ये बुडवायची सवय आहे. खनिज तेलाचा अंश ब्रेकच्या रबराला लागला की कप फुगतो आणि मग ब्रेक धरून बसतो. ब्रेकचे पार्ट स्पिरिटनं नाहीतर ब्रेक ऑइलनंच धुवायचे. तारेच्या छोट्या ब्रशनं आट्यातला पुराचा गाळ काढला, वाळला की अगदी सिमेंटसारखा होतोय तो गाळ.

मग व्यास मोजायला व्हर्नियर लावला. चौदा नट, त्यातले अकरा ११ आणि ११.१ च्या मध्ये कुठंतरी. आमच्या सांगलीच्या भाषेत साडेतीन सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर साडेतीन सूत म्हणजे ७/१६. मी वहीत लिहून टाकलं, "अकरा नट साडेतीन सूत, एकच माप" आणि दिवाळीच्या आत नवीन नट आणून मोकळं व्हायचं असं ठरवून टाकलं.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या आधी बाजारातनं साडेतीन सुताचे डझनभर ब्रेक नट आणले होते. आज त्यातला एक मागच्या चाकाच्या सिलेंडरला हातानं फिरवून बघितला, दीड आटा गेला आणि थांबला. दुसरा घेतला, तोही तसाच. पाना घ्यायला हात गेला होता, पण शेजारच्या गल्लीतले मिस्त्रीमामा स्टुलावर बसून बघत होते, ते लगेच म्हणाले, "थांब बाबा. हातानं जातंय तेवढंच आपलं. पाना शेवटच्या दाबापुरता. मधीच पाना मागालाय म्हंजे आटा तुझा न्हाई."

मामांचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे, आज्जाच्या काळात ते शिकाऊ पोरगा होते. त्यांनी जुना नट आणि नवा नट दोन्ही आडवे धरून एकमेकांच्या आट्यात बसवले आणि उजेडाकडं केले. सुरुवातीला दोन आटे बसले आणि पुढं हळूहळू एकमेकांवर चढत गेले, मध्ये उजेड दिसायला लागला. व्यास तोच, पण आट्यातलं अंतर वेगळं. व्हर्नियर व्यास सांगतो, आटा सांगत नाही. हे मला माहीत असायला पाहिजे होतं पण हातात धरून बघेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

मामांचा पिच गेज आणला, आट्यातलं अंतर मोजायचा, पानापानाचा, एका बाजूला इंची आणि एका बाजूला मिलिमीटरचा. आज सगळे चौदा नट परत मोजले, यावेळी प्रत्येकाचा व्यास आणि आटे दोन्ही, आणि जे निघालं ते बघून मी आणि आण्णा दोघंही गप्प बसलो थोडा वेळ.

साडेतीन सुताचे जे अकरा नट मी "एकच माप" म्हणून लिहिले होते ते तीन वेगवेगळे निघाले.

सात नट इंचाला २४ आट्यांचे. हे मूळचे. अमेरिकन गाड्यांना पाव इंची ब्रेक पाइपला हाच नट येतो, ७/१६-२४. याची गंमत अशी की हा यूएनएफच्या, म्हणजे इंची बारीक आट्यांच्या साध्या तक्त्यात बसत नाही, तिथं ७/१६ ला २० आटे असतात, २४ हा ब्रेक-फ्युएल पाइपवाल्यांचा खास आटा आहे. दुकानात साडेतीन सूत बारीक आटा मागितलं तर दुकानदार वीसचाच देणार, त्याची चूक नाही.

तीन नट इंचाला २० चे. ७/१६-२० यूएनएफ, इंग्लिश गाड्यांच्या पाव इंची पाइपला येतो तो. मी बाजारातनं आणलेले डझनभर पण हेच.

आणि एक नट इंचाला १८ चा. त्यावर गेजचं १८ चं पान असं बसलं की कुठंच उजेड नाही. मामांचा गेज व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्लिश आट्यांचा, ५५ अंशाच्या उताराचा आहे. २४ आणि २० च्या नटांवर पान बसत होतं, अंतर बरोबर येत होतं, पण आट्याच्या उतारावर किंचित उजेड राहत होता, कारण ते ६० अंशाचे. १८ वर उजेड नाही म्हणजे हा बीएसएफ, जुना इंग्लिश बारीक आटा.

गेज नसेल तर कसं मोजायचं तेही मामांनी दाखवलं. नट स्टॅम्प पॅडवर फिरवायचा आणि वहीच्या कागदावर सरळ लोळवायचा, आट्यांच्या रेघा उमटतात. त्यावर पट्टी ठेवून दोन सुतात, म्हणजे पाव इंचात किती घरं येतात ते मोजायचं. २४ वाल्याला सहा, २० वाल्याला पाच, १८ वाल्याला साडेचार. या नटांवर आटा फार लांब नसतो, पूर्ण इंच मिळतच नाही, म्हणून दोन सुताचा हिशोब बरा. ते कागद मी वहीला चिकटवलेत, शाई थोडी पसरलीय पण घरं स्वच्छ मोजता येतात.

राहिलेल्या तीन नटांपैकी दोन नट तीन सुताचे, ३/८-२४, म्हणजे ९.५ मिलिमीटरचे, दीड सुती पाइपवर. हा यूएनएफच आहे आणि तो सहज मिळतो. शेवटचा एक मास्टर सिलेंडरला होता, त्याचं वेगळं लिहितो, त्याच्यासाठी आज डोकं शिल्लक नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मतदान करून शेडला.

आज प्रत्येक नटाची चिठ्ठी बघत गाडीखाली झोपून नकाशा काढला, आणि चिठ्ठ्या ठेवल्या त्याचं सार्थक झालं. १८ चा बीएसएफ नट मागच्या एक्सलवरच्या तीन तोंडांच्या टी जॉइंटचा. त्याच पाइपच्या दुसऱ्या टोकाला, चाकाकडं, २४ चा नट. म्हणजे एकाच पाइपला दोन टोकांना दोन देशांचे आटे! कधीतरी मूळचा टी फुटला असणार, कुणीतरी इंग्लिश गाडीचा टी लावला, आणि ज्यानं लावला तो जाणकार होता, त्यानं टीला जुळणारे नट शोधून घातले. टीच्या दुसऱ्या दोन तोंडांत मात्र त्याचा हात नव्हता, तिथं नंतर कुणीतरी दुसऱ्यानं काम केलंय, त्या तोंडांत वीसचा नट अठराच्या आट्यात दाबून बसवलाय, वर टेफ्लॉन टेपचे थरच्या थर.

ती टेप बघून मला वाईट वाटलं, आणि थोडी भीती पण. ब्रेकच्या या जॉइंटमध्ये आटा सील करत नाही. नट फक्त दाबतो, सील होतं ते पाइपच्या फुलवलेल्या तोंडाचं आणि आतल्या शंकूसारख्या बैठकीचं. आट्यावर टेप लावून काहीच थांबत नाही, फक्त गळती थोडी उशिरा दिसते, आणि टेपचा तुकडा आत गेला तर मास्टरच्या बारीक भोकात अडकतो ते वेगळंच. ही गाडी अशी भरलेली हळद घेऊन किती वर्षं पळली असेल काय माहिती. आण्णांना दाखवलं तर ते काहीच बोलले नाहीत, टेप हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

एक खरं की त्या मिस्त्रींचाही फार दोष काढता येत नाही. १९४८ ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं मिळून इंची आट्यांचं एक माप ठरवलं, महायुद्धात एकमेकांचे पार्ट बसत नव्हते म्हणून, पण जुना माल बाजारात होताच. आणि आपल्याकडं १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक आलं. म्हणजे ही गाडी कारखान्यातनं बाहेर पडली त्याच वर्षी देशाचं माप बदलायला लागलं. रस्त्यावर गाडी अडकली की जे हातात येईल ते लागणार.

२४ नोव्हेंबर, रविवार

मास्टर सिलेंडर. हा मूळचा नाही, केव्हातरी बदललेला. याच्या तोंडाला लावलेला नट ३/८-२४, म्हणजे तीन सूत. काढताना तो जरा जास्तच सहज आला होता. आज भिंग घेऊन बघितला तर आट्यांची फक्त टोकं घासून चमकत होती, खालचा दोन तृतीयांश भाग काळाच. म्हणजे नट पूर्ण खोलीनं धरतच नव्हता.

आता भोकाचा आटा कसा मोजायचा हा प्रश्न. भोकात गेजचं पान नीट आडवं होत नाही. पुतणीची खेळायची क्ले मागून घेतली, पेन्सिलच्या मागच्या टोकाला चण्याएवढी लावली, थोडं ब्रेक ऑइल लावून भोकाच्या एका बाजूला हळूच दाबली आणि न फिरवता सरळ आत ओढून बाहेर काढली. पहिल्या दोन वेळा पुसट आलं, तिसऱ्या वेळी असा सुंदर ठसा आला की आट्यांच्या कडा धारदार दिसत होत्या. त्यावर गेज टेकवला तर मेट्रिकचं एकचं पान बरोबर. एम१० बाय १, म्हणजे व्यास दहा मिलिमीटर आणि दोन आट्यातलं अंतर एक.

इथं खरा सापळा आहे. ३/८-२४ चा व्यास साडेनऊ, एम१० चा दहा. २४ आटे म्हणजे दोन आट्यातलं अंतर १.०५८ मिलिमीटर आणि याचं १.०. इतकं जवळ की तीन सुती नट एम१० च्या भोकात मजेत जातो, सहा-सात आटे फिरतो, शेवटी घट्ट पण लागतो, आणि माणसाला वाटतं की बसला. पण तो फक्त टोकांवर उभा असतो. पेडल जोरात दाबलं की आतला दाब चौरस इंचाला हजार पौंडाच्या (पीएसआय) घरात जातो, आणि तो सगळा दाब त्या टोकांवर. साडेतीन सुताच्या चुकीच्या नटानं निदान दीड आट्यात थांबून सांगितलं तरी, हा तर काही सांगतच नाही. मामांचा हातानं फिरवायचा नियमसुद्धा इथं पुरत नाही. नट ढिला हलतोय का, डुगडुगतोय का हे पण बघायला लागतं. बरोबर नट अर्धा आत गेला की डुगडुग जवळजवळ थांबते.

टॉर्च मारून तळ बघितला, आत शंकू वर आलेला आहे. म्हणजे दुहेरी फुलवलेलं ४५ अंशाचं तोंडच लागणार, फक्त नट एम१० चा. हे बघणं आट्याइतकंच महत्त्वाचं, कारण बऱ्याच मेट्रिक गाड्यांना गोळीसारखं तोंड असतं आणि त्याची बैठक वेगळी.

८ डिसेंबर, रविवार

दोन आठवडे नट शोधण्यात गेले.

कुपवाड एमआयडीसीत एका हायड्रॉलिक होजवाल्याकडं गेलो, ऊसतोडणी मशिन आणि ट्रॅक्टरच्या होज बनवतो तो. त्यानं प्रेमानं चहा दिला आणि म्हणाला, साडेतीन सुताचं माझ्याकडं पोतं भरून आहे. गेज लावला, ७/१६-२०, आणि तोंड ३७ अंशाचं. हायड्रॉलिकची बैठक ३७ ची आणि आपली ४५ ची. फ्रिज-एसीवाल्यांचा पाव इंची फ्लेअरपण ७/१६-२० च आहे पण तो ४५ अंशाचा. आटा तोच, बैठक वेगळी. समजा आटा जुळला असता तरी ४५ चं तोंड ३७ च्या बैठकीवर एका केसाएवढ्या रेघेवरच टेकतं, आणि ती रेघ दाबाखाली टिकत नाही. त्याला हे समजावून सांगितलं तर त्यानं स्वतःच दोन्ही तोंडं शेजारी ठेवून बघितली आणि म्हणाला, "भाऊ, ब्रेकसाठी माझ्याकडचं घेऊच नका."

शेवटी जुन्या जीपचे पार्ट ठेवणाऱ्या एका दुकानात, मागच्या खोलीत, बिस्किटाच्या डब्यात ७/१६-२४ चे नट मिळाले, अकराच्या अकरा. त्याच डब्यात एक पितळी टी पण, तिन्ही तोंडं २४ ची. मी दुकानात उभं राहून प्रत्येक तोंडात आमचा मूळचा नट हातानं शेवटपर्यंत फिरवून बघितला, दुकानदार वैतागला नाही, उलट त्याचा पोरगा शेजारी उभा राहून शिकत होता.

१५ डिसेंबर, रविवार

मागच्या उजव्या सिलेंडरच्या तोंडात पण कुणीतरी वीसचा नट दाबला होता. सिलेंडर बीडाचा, नट पितळेचा, म्हणून नटाचंच जास्त नुकसान झालंय, तोंडाचे पहिले दीड-दोन आटे तेवढे मुडपलेत आणि त्यात पितळेचा चुरा भरलाय. २४ चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, साध्या हार्डवेअरमध्ये मिळत नाही. मामांनी तोड सांगितली. मूळच्या लोखंडी नटांपैकी ज्याचे आटे सगळ्यात चांगले तो घेतला, हॅक्सॉच्या पात्यानं त्याच्या आट्यांवर उभ्या तीन चिरा पाडल्या, कानशीनं कडा साफ केल्या. तो झाला आटे साफ करायचा टॅप. ब्रेक ऑइल लावून अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, असं करत करत पितळेचा चुरा चिरांमध्ये येत गेला आणि बाहेर पडला. नवीन आटा यानं पडत नाही, जुना सरळ होतो फक्त, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. नंतर नवीन नट बोटांनी तळापर्यंत गेला. तो गेला तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येणार नाही, मामांनी नुसती मान हलवली.

एक नट मला लांब गळ्याचा पाहिजे होता, पुढच्या क्रॉस मेंबरजवळ, तो डब्यात नव्हता. माधवनगर रोडच्या टर्नरकडनं लोखंडी करून घेतला. त्याच्या लेथचा लीड स्क्रू, ज्याच्यावर आटा पडतो तो, इंची आहे म्हणून २४ चा आटा गिअर बदलून सरळ निघाला. मेट्रिक लेथवर इंची आटा काढायचा तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, हे त्यानं सांगितलं आणि मला फार आवडलं.

२२ डिसेंबर, रविवार

ब्रेक लाइट स्विचनं अर्धा दिवस घेतला. हा पाइपातल्या दाबावर चालतो. याचा आटा निमुळता, १/८-२७ एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइपचा आटा, आणि इथं मात्र आटाच सील करतो, बाकी सगळ्या जॉइंटच्या उलट. बाजारात मिळालेला पहिला स्विच १/८ बीएसपी, म्हणजे इंग्लिश पाइपच्या आट्याचा निघाला, २८ चा. सत्तावीस आणि अठ्ठावीस डोळ्यानं कुणालाच ओळखू येणार नाही, इथं मात्र व्हर्नियरच कामाला आला, एनपीटी साधारण १०.३ आणि बीएसपी ९.७. परत केला, दुसरा आणला.

२९ डिसेंबर, रविवार

पाइप. तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून मला मोह होत होता, पण ट्रकच्या थरथरीनं तांबं हळूहळू कडक होतं आणि तोंडाजवळ तडकतं. दुहेरी थराचा स्टीलचा बंडी पाइपच घेतला, पाव इंची, आणि मास्टरजवळच्या तुकड्याला दीड सुती.

तोंड दुहेरी फुलवायचं. एकेरी फुलवलं तर स्टीलची कड बाहेर ताणून चिरते. कापल्यावर आतली बाहेरची कड साफ, नट आधी पाइपवर सरकवून घ्यायचा, मग साच्यात धरायचा, पहिल्या दाबाला तोंड घंटीसारखं गोल होतं आणि दुसऱ्या दाबाला ते आत दुमडून दोन थरांचं होतं. पहिली चार तोंडं वाकडी आली, ती कापून टाकली. पाचव्यापासून जमलं. चांगल्या तोंडाची कड सगळीकडून सारख्या जाडीची दिसते, आणि बोट फिरवलं तर कुठं खरखर लागत नाही. एका लांब पाइपला दोन्ही तोंडं करून झाल्यावर लक्षात आलं की एका बाजूचा नट सरकवलाच नव्हता, तो पाइप एक इंच आखूड झाला, सुदैवानं पुढच्या चाकाला पुरला.

आता सगळ्या गाडीवर दोनच प्रकारचे आटे ठेवलेत, पाव इंची पाइपला ७/१६-२४ आणि दीड सुतीला ३/८-२४. मास्टरचा एक एम१० तेवढा अपवाद, त्याच्या शेजारी पाइपला पिवळा रंगाचा पट्टा मारलाय, आणि पट्ट्याजवळ पत्र्याची छोटी पट्टी तारेनं बांधलीय, त्यावर पंचनं "एम१० बाय १" ठोकलंय. पुढं कुणी रात्री रस्त्यावर गाडीखाली झोपला तर त्याला टॉर्चमध्ये ते दिसलं पाहिजे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

नवीन कप, नवीन होज, डॉट ३ ब्रेक ऑइल, ताजा सीलबंद डबा, कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. दोन ड्रायव्हर असल्यासारखं मी खाली आणि आण्णा वर, "दाब... धर... सोड" करत मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करून एअर काढली. पहिल्या चाकातनं तपकिरी पाणी आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ.

पेडल कडक लागलं. फळीचा तुकडा सीटला टेकवून पेडल दाबलेलं ठेवलं आणि सगळ्या जॉइंटखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरला. रात्रभर तसंच.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी सहाला टॉर्च घेऊन शेडला. कागद सगळे कोरडे, फक्त नव्या टीच्या खाली रुपयाएवढा डाग. वास घेतला, गिअर ऑइलचा नाही, ब्रेक ऑइलच. नट थोडा सोडून परत बसवला, बैठकीवर बहुतेक कण होता, परत फळी लावली. दुपारी बारापर्यंत कागद कोरडा.

संध्याकाळी आण्णांनी गाडी शेडमधनं अंगणात घेतली, वीस-पंचवीस फूट, आणि ब्रेक मारला. चारी चाकं एकदम थांबली, उजवीकडं डावीकडं ओढली नाही. मामा कट्ट्यावर होते, ते उठून आले आणि प्रत्येक चाकाजवळ वाकून नटाला बोट लावून बोट बघून आले. मग म्हणाले, "कोरडं हाय." हँडब्रेकची केबल राहिलीय, ती पुढच्या रविवारी.